लोबोंचा रोग



ज्या रोगाविषयी मी आज बोलणार आहे तो आपल्यापैकी कोणी पाहिला असण्याचा संभव नाही. मीही तो पुस्तकांतूनच जाणतो. तो ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. विषय लांबचा वाटेल. पण त्या रोग्यांच्या वाट्याला जे येते ते आपल्या ओळखीचे आहे.

१९३१ साली ब्राझीलमधील रेसिफे शहरी जॉर्ज लोबो या डॉक्टरांनी एका ५२ वर्षांच्या रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. हा गृहस्थ ॲमेझॉनकडचा. कमरेच्या मागे एकोणीस वर्षे गाठी वाढत होत्या, आणि प्रकृती तर ठणठणीत! हा रोग असाच संथ. रबराचा चीक काढणारे, शेतात राबणारे यांच्या कानांवर, हातापायांवर कठीण, चकचकीत गाठी उठतात. जुन्या भाजल्याच्या वणासारख्या. पोटातल्या अवयवांना सहसा धक्का लागत नाही, एकाचा दुसऱ्याला संसर्ग होत नाही. पण कानाची पाळी गाठींनी भरली की पाहणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती कुष्ठरोगाची. वैद्यांचीही तशी फसगत झालेली आहे. कुष्ठरोग्याकडे लोक कसे पाहतात हे आपल्याला सांगावयास नको.

कारण आहे एक बुरशी. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या गोल पेशी मण्यांच्या माळेसारख्या एकीस एक जोडलेल्या दिसतात. मात्र प्रयोगशाळेतल्या बशीत ती वाढतच नाही. त्यामुळे तिचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या अडून राहिला.

१९७१ साली फ्लोरिडाच्या समुद्रातील एका डॉल्फिनच्या कातडीवर तशाच गाठी आणि तीच माळ आढळली. माणूस आणि डॉल्फिन यांचा रोग एकच, असे सर्वांनी धरले. डॉल्फिन हाताळणाऱ्या एका युरोपीय इसमास लागण झाल्याची शंकाही १९८३ साली छापून आली. पुढे जनुके तपासता आली तेव्हा उलगडा झाला की या दोन निरनिराळ्या बुरश्या आहेत, जवळच्या नात्यातल्या. २०२१ साली डॉल्फिनमधील बुरशीस पॅराकॉक्सिडिऑइडीस सेटी हे नाव मिळाले. माणसातील बुरशीस लोबोजॉर्जी. डॉक्टरांचेच नाव उलटे करून ठेवलेले! पन्नास वर्षे एका माळेने तज्ज्ञांना चकविले, तर कानाची गाठ पाहून कोणी दचकला यात त्याला फार दोष देता येणार नाही.

उपचाराचे मात्र अजून जमलेले नाही. गाठ लहान असतानाच कापून काढावी हे उत्तम. तरी ती पुन्हा उठते. इट्राकोनॅझोल काहींना लागू पडते. आणि योगायोग पाहा, ब्राझीलच्या आक्रे प्रांतात कुष्ठरोगावरील औषधे दिली तेव्हा काही रोग्यांच्या गाठी मऊ पडल्या, कमी झाल्या. ज्या रोगाच्या नावाने त्यांना दूर सारले जाई, त्याच रोगाचे औषध त्यांच्या कामी आले. सर्वांना गुण आला असे नाही. काहींना पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागलेच.