मुलाला कोणत्या संघात घालावं?



धान घरात आलं, चुरणे आटोपले, की आपल्या गोंडपिपरी तालुक्यात चौकाचौकात दोन प्रकारची पत्रकं लागतात. एक झाडीपट्टीच्या नाटकांची, दुसरी कबड्डीच्या सामन्यांची. धाबा असो की भंगाराम तळोधी, रात्री दिव्यांच्या उजेडात सामने रंगतात. आणि याच दिवसांत एखाद्या चपळ पोराच्या घरी दोन-दोन मंडळांची माणसं येऊन बसतात. “बाबूला आमच्याकडे द्या,” म्हणतात. आईबाप हरखतात आणि गोंधळतातही. शेवटी बहुतेक घरांत एकाच प्रश्नावर निकाल लागतो : मागच्या वर्षी ढाल कोणी नेली?

ढाल नेणारा संघ वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण दहा-बारा वर्षांच्या लेकरासाठी संघ बघताना ढाल सगळ्यात शेवटी बघावी. पहिल्यांदा बघावं ते हे, की तिथे आपलं मूल खेळणार आहे की नुसतं बसणार आहे.

कबड्डीत सात गडी मैदानात असतात, पाच राखीव. एखाद्या संध्याकाळी कोणाला न सांगता सरावाच्या ठिकाणी जाऊन उभे राहा. नजर आपोआप जोरदार चढाई करणाऱ्या गड्याकडे जाईल. ती तिथून काढा आणि राखीव पोरांपैकी सर्वांत लहान असेल त्याच्यावर ठेवा. तासाभरात त्याला किती चढाया मिळाल्या ते मोजा. पाण्याची कॅन भरून आणणं, मैदानाच्या रेघांवर चुना टाकणं, मोठ्यांचे मोबाईल आणि चपला सांभाळणं, एवढंच त्याच्या वाट्याला येत असेल, तर तुमच्या मुलाच्या वाट्यालाही तेच येणार. दुसऱ्या मंडळाकडे ढाल नसेल, पण तिथे प्रत्येक पोराच्या अंगाला रोज माती लागत असेल, तर मी डोळे झाकून दुसरं मंडळ निवडीन.

तिथे उभे आहातच, तर शिकवणाऱ्याकडेही लक्ष द्या. चढाईला गेलेला पोरगा बोनस रेषेवर पाय टाकतो, तेवढ्यात मागून घोट्याला पकड बसते आणि तो आपटतो. आता प्रशिक्षक काय करतो? काही जण चारचौघांत शिवी हासडतात आणि त्याला बाहेर बसवतात. काही जण खेळ थांबवतात, त्या पोराला पुन्हा तिथेच उभं करतात, मागचा पाय कुठे राहिला होता ते दाखवतात आणि तीच चढाई परत करायला लावतात. लहानपणी शिकायचं असतं ते या दुसऱ्या माणसाकडे. खांदा आणि मनगट वाचवून पडायचं कसं, हे तो पकडीच्या आधी शिकवतो. मैदानातले खडे वेचून घेतो. त्याच्या पिशवीत पट्टी, कापूस आणि जंतुनाशक असतं.

आता वयाचं बघू. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. खुल्या सामन्यांत मात्र पुष्कळदा वजनी गट असतो, आणि तिथे बारा वर्षांचं पोर अठरा वर्षांच्या दांडग्यासमोर उभं केलं जातं. वजनात बसण्यासाठी मुलांना उपाशी ठेवणं, पाणी तोडणं, स्वेटर घालून पळवणं हेही चालतं. वाढत्या अंगाच्या पोराला असं करायला सांगणाऱ्या मंडळाला हात जोडा. तसंच जन्मतारीख बदलून खालच्या गटात खेळवू म्हणणाऱ्यालाही. आज क्रिकेटमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतात. असली लबाडी उघडी पडली तर मुलाचं नाव खराब होतं, मंडळाचं काही जात नाही.

आता विश्रांतीचं. बेसबॉल आपल्याकडे शालेय स्पर्धांत खेळला जातो, पण तो घरोघरी आहे अमेरिकेत. चेंडू फेकून-फेकून कोवळ्या मुलांचे कोपर आणि खांदे निकामी होऊ लागले, तेव्हा तिथे वयानुसार फेकींची मर्यादा ठरवली गेली. ९-१० वर्षांच्या मुलानं एका दिवसात जास्तीत जास्त ७५ चेंडू फेकावेत, ११-१२ वर्षांच्यानं ८५, आणि जेवढे जास्त फेकले तेवढे जास्त दिवस हाताला विश्रांती. आपल्याकडे हा हिशेब कोणी ठेवत नाही. चांगला गडी सापडला की त्याला एका आठवड्यात तीन गावांच्या सामन्यांना जुंपतात. म्हणून प्रशिक्षकाला सरळ विचारा : आठवड्यात विश्रांतीचे दिवस किती? दुखलं म्हणून पोरगा बाहेर बसला तर त्याची जागा राहील का? आणि बारा-तेरा वर्षांपर्यंत एकाच खेळाला बांधून टाकू नका. खो-खो, धावणं, पोहणं, सगळं चालू द्या. अंग त्यातूनच तयार होतं.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात आणखी एक गोष्ट पाहायला हवी. इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी होते, त्यात काही आढळलं तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस करतात. खेळायला पाठवण्याआधी ही तपासणी करून घ्या. मूल नुसतं वाहक असेल तर त्याचा खेळ बंद करायचं कारण नाही. पण त्याला मधेमधे पाणी हवं, दम घ्यायला वेळ हवा आणि सरावाचा जोर हळूहळू वाढवायला हवा. कडक उन्हात एका दमात पळवलं तर जिवावर बेतू शकतं. मूल रुग्ण असेल, तर डॉक्टर सांगतील तेवढंच. प्रशिक्षकाला हे आधी सांगून ठेवा. ऐकून जो थट्टा करील, त्याच्या हाती लेकरू देऊ नका.

मग येतो परतीचा रस्ता. आपला तालुका जंगलाला लागून आहे आणि वाघाची भीती खरी आहे. दिवेलागणीनंतर पोरांना एकेकटं सायकलवर सोडून देणारा संघ कितीही नावाजलेला असो, आपल्या कामाचा नाही. सराव उजेडात संपतो का, मुलं गटानं परततात का, बाहेरगावी सामना असला तर सोबत कोण असतं, हे विचारा. मुलगी असेल तर सोबत बाई आहे का, हेही विचारा. विचारायला संकोच वाटू देऊ नका. काही विपरीत वाटलं तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन आहे.

काही पालक म्हणतील, खेळातून नोकरी लागते, मग मोठं मंडळ नको का? सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे खरं. पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांचीच प्रमाणपत्रं चालतात, आणि ती क्रीडा विभागाकडून पडताळून घ्यावी लागतात. गावोगावच्या खुल्या सामन्यांच्या ढाली तिथे मोजत नाहीत. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा शालेय स्पर्धांची वाट शाळेतून जाते. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत निवड होते तेव्हाही मुलाची उंची, वेग, उडी, लवचिकता मोजतात. २०१८ मध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं. ती मुलं कुठल्या नामांकित मंडळातून आली नव्हती. शाळेतून निवडून त्यांना टप्प्याटप्प्यानं तयार केलं गेलं.

आणि गावात मनाजोगता संघच नसेल तर? तर चार-पाच पालक मिळून शाळेत जा. मुख्याध्यापकांना म्हणा, या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेला आपल्या शाळेचा खो-खोचा संघ पाठवू. दोन खांब, सपाट जागा आणि मुलं, एवढ्यात खो-खो सुरू होतो. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे होते. शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात, त्यांची नोंदणी त्याच्याही आधी असते. त्यामुळे रोवणीच्या गडबडीत हे राहून जातं. शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात शाळेची पायरी चढा.