तेंडुलकरांचे कपाटाबाहेरचे लेखन



विजय तेंडुलकरांची पुस्तके पाहावयाची तर ग्रंथालयात नाटकांचे कपाट उघडावे लागते. ‘श्रीमंत’, ‘गिधाडे’, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, ‘सखाराम बाइंडर’ ही पुस्तके हाताळून हाताळून जीर्ण होतात, आणि वाचक त्यांवरूनच लेखकाविषयीचे आपले मत बनवितो. परंतु सत्तरीनंतर या लेखकाने जे लिहिले त्याचा मोठा भाग त्या कपाटात नाहीच. तो पडद्यावर आहे. हैदराबादकर मराठी वाचकाला त्याचे विशेष अगत्य असावे, कारण त्यातील एक कथा याच मुलखात घडते.

१९२८ साली कोल्हापुरात जन्म, बेचाळीसच्या चळवळीत सुटलेली शाळा, पुढे वृत्तपत्रांतील नोकऱ्या हा तपशील सर्वपरिचित आहे. ‘शांतता!’ १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्याचा चित्रपट केला आणि नाटककार पटकथेकडे वळला.

चारच वर्षांनी ‘निशांत’ आला. दिग्दर्शक श्याम बेनेगल मूळचे सिकंदराबादचे. कथेचा काळ १९४५, स्थळ तेलंगणातील एक खेडे. जमीनदाराचे भाऊ शाळामास्तराची पत्नी उचलून नेतात. गाव पाहते आणि गप्प राहते. मास्तर दाद मागत फिरतो, पण निजामी अमलातील कोणीही अधिकारी त्याची दखल घेत नाही. अखेरीस गाव उठते; मात्र त्या उठावात जिच्यासाठी सारे घडले ती स्त्रीही बळी पडते.

ज्याची कीर्ती संवादांवर उभी होती, त्या लेखकाच्या या चित्रपटाचे संवाद दुबे यांचे आहेत. मग तेंडुलकरांचे त्यात काय उरले? उरली ती घटनांची जुळणी: कोणी केव्हा पाहावे, कोणी केव्हा मुकाट्याने दार लावून घ्यावे याचा हिशेब. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाला’तही शेवटी जमाव माणूस ठेचतो, पण तेथे त्या जमावामागे नानांची मान्यता असते. ‘निशांत’मधील जमावाला कोणाचीच आज्ञा नाही, म्हणून तो अधिक भयावह वाटतो. हिंसेविषयीचा तेंडुलकरांचा विचार तीन वर्षांत कोठवर गेला, हे केवळ छापील नाटके वाचून कळणार नाही.

१९८० च्या ‘आक्रोश’मध्ये तर त्यांनी मुख्य पात्राची वाचाच काढून घेतली. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला लहान्या भिकू वकिलालाही एक शब्द सांगत नाही. नाटककाराने केलेले हे मोठेच धाडस म्हटले पाहिजे. ‘मंथन’ला राष्ट्रीय पुरस्कार लाभला; ‘सामना’, ‘सिंहासन’ आणि ‘उंबरठा’ मराठी प्रेक्षकाने आपले मानले.

नव्वदीच्या दशकात त्यांनी दूरचित्रवाणीसाठी ‘स्वयंसिद्धा’ ही मालिका लिहिली. ‘रजनी’मुळे घराघरांत पोहोचलेली त्यांची कन्या प्रिया तेंडुलकर तीत प्रमुख भूमिकेत होती. नाटकांवर शेकडो पाने खर्च करणाऱ्या मराठी समीक्षेने या लेखनाची फारशी विचारपूस केली नाही. मालिका म्हणजे पोटापाण्याचा उद्योग, असा एक समज आपल्याकडे आहे. आणि तो सोयीचाही आहे, कारण मग वाचण्याचे श्रम वाचतात! ब्रिटनमध्ये डेनिस पॉटर यांनी आपले श्रेष्ठ लेखन दूरचित्रवाणीसाठीच केले. १९८६ च्या ‘द सिंगिंग डिटेक्टिव्ह’ची संहिता पुस्तकरूपाने निघाली आणि साहित्य म्हणून वाचली गेली. तेंडुलकरांच्या ‘मंथन’ची पटकथा पुस्तक झाली, तीही इंग्रजीत.

तेंडुलकर १९ मे २००८ रोजी पुण्यात निवर्तले. नाटकांच्या आवृत्त्या निघत राहतील, त्यांची चिंता नको. शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या या संस्थेने आता पटकथा आणि मालिकांच्या संहितांसाठी एक फळी मोकळी ठेवावी, आणि ‘निशांत’ची संहिता मिळेल तेथून मिळवून ती ‘घाशीराम’शेजारी लावावी.