बीटेकला फिल्म स्टडीजचा मायनर घ्यावा का?

मध्यंतरी सेकंड इयरच्या एका मुलीची व्हॉइस नोट आली. ती कम्प्युटरला आहे. कॉलेजने यंदा फिल्म स्टडीजचा मायनर सुरू केलाय, आणि घरचे म्हणतायत, त्यापेक्षा डेटा सायन्सचा घे. तिचा प्रश्न सरळ होता, "दादा, तू पिक्चर बघून नेमकं शिकलास काय?" मी हा मायनर केलाय आणि आज कोड लिहूनच पोट भरतोय, त्यामुळे यावर बोलायला हरकत नाही.

आधी व्यवहाराचं बोलू. एआयसीटीईच्या मॉडेल अभ्यासक्रमात बीटेक साधारण १६० क्रेडिटचं असतं. मायनर हवा असेल तर त्यावर १८ ते २० क्रेडिट जास्तीचे घ्यावे लागतात. म्हणजे मित्र चहाला जातात तेव्हा तुम्ही लेक्चरला. प्लेसमेंटला उपयोग झाला का? माझ्या बाबतीत नाही. रेझ्युमेवर एक ओळ वाढली आणि एका इंटरव्ह्यूत त्यावर हसण्यात पाच मिनिटं गेली, बस. आणि हा मायनर करून फिल्म इंडस्ट्रीत शिरता येईल असं वाटत असेल तर तेही डोक्यातून काढा. कॅमेरा, एडिटिंग, साउंड हातात बसवून घ्यायचा तर पुण्यात एफटीआयआयसारखी जागा आहे. मायनरमध्ये शिकवतात ते बघायला.

आता "बघायला काय शिकायचं, डोळे आहेत की!" हे मला आमच्या घरीही ऐकवलं गेलं. तर पहिली असाइनमेंट सांगतो. कुठल्याही सिनेमाची दहा मिनिटं घ्यायची आणि प्रत्येक शॉट नोंदवायचा. कुठे कट झाला, शॉट किती सेकंद चालला, कॅमेरा हलला का, आवाज कुठून येतोय. मी इंजिनिअर, हाताने कशाला करू? पायथनमध्ये पायसीनडिटेक्ट नावाची लायब्ररी आहे. ती फ्रेममधला बदल मोजून कट ओळखते. मी 'कोर्ट' घेतला, चैतन्य ताम्हाणेचा, २०१४ सालचा. स्क्रिप्टने आकडे काढून दिले : शॉट लांबलचक, कॅमेरा जवळजवळ स्थिर. सर म्हणाले, "छान. आता मला सांग, का?"

तिथे स्क्रिप्ट संपते. त्या सिनेमात शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, लोक निघून जातात, एकेक दिवा मालवला जातो आणि पडदा काळा होतो. तुम्हाला वाटतं, संपला. संपत नाही. पुढे न्यायाधीश साहेब कुटुंबकबिल्यासह सहलीला निघालेले दिसतात. स्क्रिप्टच्या लेखी तो अंधार म्हणजे नुसते काळे पिक्सेल. पण बाहेर एका म्हाताऱ्या शाहिराची केस लटकलेली आहे आणि इथे सुट्टी लागलीय, हे तो अंधार सांगतो. मोजल्यामुळे मला कुठे बघायचं ते कळलं. काय दिसतंय त्यासाठी मात्र बसून विचार करावा लागला, दुसऱ्यांशी भांडावं लागलं.

आणि हे "इंजिनिअरिंगवाल्यांना सिनेमाशी काय घेणंदेणं" म्हणणाऱ्यांनी दादासाहेब फाळक्यांकडे बघावं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, बडोद्याच्या कलाभवनात शिकले, फोटोग्राफी केली, छापखाना चालवला, वर जादूचे प्रयोगही करायचे. १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणला. भांडवल द्यायला कोण तयार होणार? तर त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेत चित्रित केली आणि दाखवली. आपण आज फोनवर टाइमलॅप्स करतो, तेच. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्याच्या आधीचा हा उद्योग. मला तर हा प्रोटोटाइप दाखवून फंडिंग उभं करणारा माणूस वाटतो. केमिस्ट्री, ऑप्टिक्स, चित्रकला, धंदा, सगळं एकाच डोक्यात.

पण त्या मुलीला मला खरं सांगायचंय ते वेगळंच.

तिसऱ्या सेमिस्टरला वर्गात 'फँड्री' दाखवला. त्यात जब्याचं अख्खं कुटुंब गावासमोर डुकराच्या मागे धावतं तो मोठा भाग आहे. कडेला उभे राहून गाववाले मजा बघतायत, हसतायत. आमच्या वर्गातही हशा पिकला. मग शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, आणि पाठलाग सोडून ही माणसं जागच्या जागी उभी राहतात. तिथेही दोघं-चौघं हसले. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि सिनेमा संपतो.

दिवे लागले. चर्चा नेहमीसारखी सुरू झाली. सिनेमॅटोग्राफी भारी, ॲक्टिंग भारी, खेड्यात अजून असं चालतं वगैरे. मागच्या बाकावरून एक मुलगा बोलला. दोन वर्षं आम्ही एका लॅबमध्ये होतो, तो कधी फारसं बोलायचा नाही. म्हणाला, "दगड कुठल्या खेड्याकडे नाही आला. इकडे आला. मघाशी तुम्ही कोणाच्या बाजूला उभं राहून हसलात ते बघा की."

सरांनी भाषण दिलं नाही. त्यांनी तो भाग परत लावला आणि फक्त एवढंच विचारलं : या शॉटमध्ये कॅमेरा कुठे उभा आहे? कुटुंबाबरोबर की बघ्यांबरोबर? आता पुढच्या शॉटमध्ये? आम्ही एकेक शॉट थांबवून बघत गेलो. तास संपून अर्धा तास झाला तरी कोणी उठलं नाही. हॉस्टेलवर कटऑफ, रँक, कॅटेगरी यांवरून रोज चालणारे विनोद त्या रात्री निदान त्याच्यासमोर झाले नाहीत. पुढे परत सुरू झाले, खोटं कशाला सांगू. पण त्यानंतर एक-दोघं तरी मध्येच "बास रे" म्हणायला लागले. चार वर्षांच्या डिग्रीत जातीबद्दल वर्गात, दिवे लावून, नीट बोललो तो एवढाच एक तास.

डेटा सायन्सच्या मायनरमध्ये हे झालं नसतं. दुसरीकडे, डेटा सायन्स तू नंतर घरी बसूनही शिकशील, मीही नोकरीत लागल्यावरच शिकलो. 'फँड्री'सुद्धा एकटीने मोबाईलवर बघता येतो. पण मागच्या बाकावरचा तो मुलगा मोबाईलवर नसतो.

तरी फॉर्म भरण्याआधी तीन गोष्टी विचारून घे. शिकवणारं माणूस कोण आहे, कारण काही ठिकाणी ज्याचा लोड कमी त्याच्या गळ्यात हा विषय मारतात. सिनेमा पूर्ण, मोठ्या पडद्यावर दाखवायला टाइमटेबलमध्ये सलग तीन तास ठेवलेत का, की यूट्यूबच्या क्लिपांवर भागवणार. आणि तुझ्या शुक्रवारच्या प्रॅक्टिकलशी ते तास आदळतायत का. पहिल्याचं उत्तर गोलमोल आलं तर खुशाल डेटा सायन्स घे, घरचेही खूश होतील. नीट आलं तर फॉर्म भर आणि शॉटची पहिली नोंद मला पाठव. स्क्रिप्ट हवी असेल तर देतो, पण डिझॉल्व्ह आला की ती गडबडते, तेवढं हाताने तपासावं लागेल.