न्युमोनियाचे निदान आणि रक्ताची साक्ष
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून उत्तरपत्रिका तपासण्यात आयुष्य वेचलेला एक शिक्षक आहे. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, कारण त्याचा धडा मला घरीच मिळाला.

गतवर्षी माझ्या धाकट्या बंधूंस ताप व खोकला आला. त्याच दिवशी रक्त तपासले. ‘सीआरपी’चा आकडा १४ आला. तो लहान पाहून “काळजीचे कारण नाही” असा निकाल मीच देऊन टाकला. दुसऱ्या रात्री त्यांना धाप लागली. क्ष-किरण चित्रात न्युमोनिया दिसला. ईश्वरकृपेने ते वाचले. परंतु उपचारास उशीर झाला तो माझ्यामुळे.

हा सीआरपी म्हणजे काय? १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस या संशोधकांना तो न्युमोनियाच्या रुग्णांच्या रक्तातच प्रथम आढळला. हे प्रथिन यकृतात तयार होते आणि शरीरात कोठेही दाह झाला की वाढते. म्हणजे दाह आहे हे ते सांगते. तो फुप्फुसातच आहे असे सांगत नाही. शिवाय ते वाढू लागण्यास काही तास आणि परमावधीस पोहोचण्यास सुमारे दोन दिवस लागतात. आम्ही साक्षीदाराला वेळेपूर्वीच प्रश्न विचारला होता!

मग ही तपासणी निरुपयोगी काय? मुळीच नाही. रुग्णास तपासूनही संशय उरल्यास, लिटरमागे २० मिलिग्रॅमहून कमी आकड्यावर प्रतिजैविके सहसा देऊ नयेत व १०० हून अधिक असल्यास द्यावीत, असे इंग्लंडच्या ‘नाइस’ संस्थेने २०१४ साली सुचविले. अनावश्यक औषधांनी जंतू निर्ढावतात, हे त्यामागील कारण. प्रोकॅल्सिटोनिन हा दुसरा घटक जिवाणूंच्या संसर्गात विशेष वाढतो. तथापि लक्षणे व क्ष-किरण चित्र यांवरून न्युमोनिया ठरल्यावर केवळ हा आकडा कमी म्हणून औषध रोखू नये, असे अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१९ साली बजावले.

म्हणून माझी विनंती एवढीच, की कागदाआधी रुग्णाकडे पाहावे. श्वास मोजावा. एक ते पाच वर्षांच्या खोकणाऱ्या मुलाचा श्वास मिनिटास ४० वा अधिक भरल्यास तत्काळ डॉक्टर गाठावा. निकाल त्यांनीच लावावा.

केवळ गुणांवरून विद्यार्थ्याची पारख करू नये, असे मी जन्मभर सांगत आलो. रुग्णालाही तेच लागू आहे, हे मात्र मला साठीनंतर कळले.