आठच जागा, पण नेमक्या



अहिल्यानगर जिल्ह्यात लोणीला वैद्यकीय महाविद्यालय आहे. लोणी, संगमनेर, कोपरगावला अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. मेंदू आणि संगणक जोडण्याचे काम या दोन्ही विद्यांच्या हातमिळवणीशिवाय होत नाही. पण अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या किंवा जामखेडच्या पक्षाघाताच्या रुग्णापर्यंत हे तंत्र पोहोचेल का, हे माझ्या मते इलेक्ट्रोड किती आणि कुठे लावायचे यावरच ठरेल. 64 इलेक्ट्रोडची टोपी चढवायची तर प्रत्येक जागी केस बाजूला सारा, त्वचा हलकेच घासा, जेल भरा, रोध उतरेपर्यंत थांबा. डोक्याला तेल असेल तर आधी केस धुणे आले, आणि जेल काढायला नंतर पुन्हा. घरच्या माणसांना हे रोज झेपणारे नाही.

आणि त्याची गरजही बहुधा नसते. मेंदूतला संकेत कवटीतून येताना पसरतो, त्यामुळे शेजारचे दोन इलेक्ट्रोड बरेचसे तेच सांगतात. हात हलवण्याची नुसती कल्पना केली, तरी डोक्याच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या सी3 आणि सी4 या जागांभोवती 8 ते 13 हर्ट्झची लय क्षीण होते. फारवेल आणि डोंचिन यांनी 1988 मध्ये मांडलेल्या, मेंदूच्या संकेतांवरून अक्षरे लिहिण्याच्या पद्धतीसाठी पुढे, 2008 मध्ये, क्रुसिएन्स्की आणि सहकाऱ्यांनी 8 जागांचा संच सुचवला; तो आजही वापरात आहे. मात्र 64 मधून 8 निवडण्याचे मार्ग 442 कोटींहून अधिक आहेत. सगळे तपासणे परवडत नाही, म्हणून एकेक इलेक्ट्रोड वाढवत किंवा वगळत जाणाऱ्या पद्धती लागतात.

आक्षेप असा, की पक्षाघाताने मेंदूचा नकाशाच बदलतो, मग ठरावीक आठ जागा कशा चालतील? आक्षेप खरा आहे. म्हणूनच पहिली तपासणी रुग्णालयात पूर्ण टोपीने व्हावी आणि त्या रुग्णाच्या स्वतःच्या जागा ठरवूनच त्याला घरी पाठवावे. काही काळाने त्या पुन्हा पडताळाव्यात. इलेक्ट्रोड कमी झाले की पापणीची उघडझाप आणि जबड्याचा गोंधळ वेगळा काढणे अवघड जाते, हेही मान्य. त्यासाठी डोळ्याजवळ एखादा जास्तीचा लावावा; 64 चा आग्रह नको. मला खरी काळजी वेगळीच वाटते. ज्या नोंदींवरून जागा निवडल्या, त्याच नोंदींवर अचूकता मोजली, तर आकडा फुगतो आणि रुग्णाच्या घरी तो टिकत नाही.

म्हणून परिषदेच्या या दोन दिवसांत निबंध वाचणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे: अचूकतेच्या टक्क्यांबरोबर इलेक्ट्रोड किती होते, ते लावायला किती मिनिटे लागली आणि चाचणीच्या नोंदी निवडीपासून वेगळ्या ठेवल्या होत्या का, हेही सांगा.