फिरत्या घरांतील थंड कपाट



युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया या खंडांत सुटीचे दिवस घालविण्याची एक रीत फार लोकप्रिय आहे. निजण्याची जागा, चूल, पाण्याची टाकी व अन्नाचें कपाट हीं सर्व एकाच मोटारींत बसविलेलीं असतात, आणि कुटुंब तें फिरतें घर घेऊन मन मानेल तिकडे जातें. या वाहनास कॅम्पर म्हणतात. त्या देशांत स्थायिक झालेलीं मराठी कुटुंबेंहि अशी गाडी भाड्यानें घेऊन सहलीस निघतात. मुलांचें दूध, दही, भाजी सर्व गाडींतील फ्रीजमध्यें राहतें.

हा फ्रीज पुष्कळदां गॅसवर चालतो. नव्या कित्येक गाड्यांत बॅटरीवर चालणारे फ्रीज आले आहेत. तरी जेथें विजेची तार पोंचत नाहीं अशा रानांत गॅसचा फ्रीज दिवसचे दिवस मुकाट्यानें थंडावा देतो. या मुकेपणामुळेंच तो कशाच्या बळावर चालतो याचा विसर पडतो. त्याच्या पाठीशीं एक ज्योत जळत असते. हें ज्यानें ध्यानांत ठेविलें, त्यास पुढील नियम पाठ करण्याची गरज नाहीं. ते आपोआप सुचतील.

ज्योतीपासून थंडी निर्माण करण्याची ही युक्ति १९२२ सालीं स्टॉकहोम येथील बाल्टझार फॉन प्लाटेन व कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनीं काढिली. फ्रीजच्या बंद नळ्यांत पाणी, अमोनिया व हायड्रोजन असतात. ज्योतीच्या आंचेनें पाण्यांत विरघळलेला अमोनिया वायुरूप होऊन वर चढतो. बाहेरच्या हवेनें निवून त्याचा द्रव होतो. तो द्रव हायड्रोजनच्या सान्निध्यांत उडून जातांना कपाटांतील उष्णता शोषून घेतो आणि शेवटीं पुन्हा पाण्यांत मिसळतो. ओल्या फडक्यांत गुंडाळलेलें भांडें गार राहतें, त्यांतलेंच हें तत्त्व आहे.

या यंत्रांत फिरणारा एकहि भाग नाहीं. द्रव आपल्याच वजनानें उतारावरून वाहतो. यास्तव मुक्कामाच्या जागीं गाडी सपाट उभी असली पाहिजे. गवंड्याची लहानशी पाणसळ फ्रीजच्या तळाशीं ठेवून पाहावी, आणि गरज पडल्यास चाकाखालीं फळी द्यावी. गाडी फार कलती राहिली तर द्रव मध्येंच तुंबतो, ज्योतीवरील नळी कोरडी पडून बेसुमार तापते आणि यंत्र कायमचें बिघडतें. नळीस चीर गेली तर अमोनियाचा डोळ्यांस झोंबणारा वास सुटतो. असा वास येतांच फ्रीज बंद करून सर्वांनीं बाहेर पडावें, कारण त्याबरोबर हायड्रोजनहि निसटत असतो व तो ज्वालाग्राही आहे.

ज्योत म्हटली कीं तिला हवा पाहिजे आणि तिच्या धुरास वाट पाहिजे. त्यासाठीं गाडीच्या बाहेरील अंगास दोन जाळ्या असतात. खालच्या जाळींतून ताजी हवा आंत येते व वरच्या जाळींतून ऊन हवा बाहेर जाते. थंडी वाजते म्हणून या जाळ्यांत कापड कोंबणें किंवा त्यांस लागून सामान रचणें म्हणजे जाणूनबुजून संकट ओढवून घेणें होय. बर्नरच्या तोंडाशीं कोळी जाळें विणतात, धूळ बसते, आणि हवा अपुरी पडून निळी ज्योत पिवळी होते. पिवळी ज्योत व जाळीवरील काजळी हीं कार्बन मोनॉक्साइडचीं चिन्हें समजावीं. या वायूस ना रंग, ना वास. बंद खोलींत शेगडी ठेवून निजलेलीं माणसें सकाळीं उठलीं नाहींत, अशा वार्ता आपल्याकडेहि हिंवाळ्यांत ऐकूं येतात. त्यांचें कारण हाच वायु. डोकें जड होऊन मळमळूं लागल्यास तो प्रवासाचा शीण समजूं नये. तत्काळ मोकळ्या हवेंत यावें. बर्नर दरवर्षीं जाणत्या कारागिराकडून साफ करवून घ्यावा, आणि या वायूची सूचना देणारी घंटा निजण्याच्या जागेजवळ असावी.

दुसरें भय खुद्द गॅसचें. हा गॅस हवेहून जड असल्यामुळें गळाला तर जमिनीलगत सांचतो. म्हणून सिलिंडर ठेवण्याच्या खणास तळाशींच छिद्र असतें. तें कधींहि बुजवूं नये. सिलिंडर नेहमीं उभा व घट्ट बांधलेला असावा. सांध्यांची परीक्षा साबणाच्या फेसानें करावी, काडी ओढून कदापि नव्हे. कडक थंडींत ब्यूटेनचा गॅस होत नाहीं, कारण शून्य अंशाच्या आसपास तो द्रवच राहतो. अशा वेळीं सिलिंडरला आंच दाखविणें हा शुद्ध अविचार होय. उणें ४२ अंशांवर उकळणारा प्रोपेन वापरणें हाच खरा उपाय.

गाडी सुरू करण्यापूर्वीं सिलिंडरची चावी बंद करावी. धक्का लागतांच गॅस आपोआप थांबविणारी योजना कांहीं गाड्यांत असते, आणि याविषयीं देशोदेशींचे कायदेहि निराळे आहेत; तथापि चावी बंद असण्यासारखी निश्चिंति दुसरी नाहीं. चालत्या गाडींत फ्रीज १२ व्होल्टच्या विजेवर ठेवावा. वारंवार दार उघडलें नाहीं तर आंतला गारवा कांहीं तास टिकतोहि. पेट्रोलच्या पंपावर शिरण्यापूर्वीं तर ज्योत विझलेली असल्याची खात्री केलीच पाहिजे. कांहीं फ्रीज एंजिन बंद झाल्यावर थोड्या वेळानें गॅसवर आपणहून पेटतात. अशा फ्रीजचा खटका हातानें बंद करावा. बोटींत गाडी चढवितांनाहि हाच नियम.

हे नियम पाळण्यास फार तर पांच मिनिटें लागतात. ज्या गाडींत मुलेंबाळें विश्वासानें निजतात, त्या गाडींत विस्तव पदरांत बांधूनच प्रवास चाललेला असतो. त्या विस्तवाची आठवण दर मुक्कामास एकदां करावी, म्हणजे दूधहि गार राहील आणि झोंपहि निर्धास्त लागेल.