तहान लागण्याआधीची विहीर



संयोजकांनी मला ‘व्यवसायातील नेतृत्व’ हा विषय दिला. समोर बसलेल्यांत कुणाचं कृषी सेवा केंद्र आहे, कुणाचं कापडाचं दुकान, कुणी माझ्यासारखं सॉफ्टवेअरमध्ये. म्हणून सगळ्यांना लागू पडेल असं एकच बोलते. संकट आल्यावर धावणं वेगळं, आणि ते येण्याआधी हालचाल करणं वेगळं.

एप्रिल २०१६ आठवा. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. पुढे ५० वाघिणींच्या गाड्या धावल्या. ज्यांनी ती गाडी आणली त्यांचे आभारच मानायला हवेत. पण धरण काही एका रात्रीत आटत नाही. मांजरा धरणात किती साठा आहे हे पावसाळा संपतानाच कळतं. उन्हाळा कसा जाणार याचा हिशेब दसऱ्यालाच मांडता येतो. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली, तोवर हातात फार थोडे मार्ग उरले होते. उशीर झाला की मार्ग कमी होतात आणि महागही.

आमच्या क्षेत्रातही हेच. रात्री दोन वाजता बंद पडलेली यंत्रणा चालू करणाऱ्याचं सकाळी सगळ्यांसमोर कौतुक होतं. जिनं तीन महिने आधी तपासणी करून ती बंदच पडू दिली नाही, तिचं नाव कुणी घेत नाही. दाखवायला काही घडलेलंच नसतं ना! मग हुशार मुलंही आग लागण्याची वाट पाहू लागतात. कौतुक कशाचं करायचं हे नेता ठरवतो, म्हणून ही सवय वरूनच लागते.

आता आपल्या कंधार-लोह्याकडचं उदाहरण. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग पडला, कित्येकांवर दुबार पेरणीची वेळ आली. तपासणी मात्र घरच्या घरी होते. ओल्या गोणपाटात १०० दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, आठवड्यानं मोजायचे. ७० किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं. थोडे कमी आले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी आले तर बदलायचं. खर्च जवळजवळ काहीच नाही. अट एकच, हे मृगाआधी करायचं.

असं गोणपाट प्रत्येक धंद्यात असतं. दुकानदारानं उधारीची वही दिवाळीची वाट न पाहता दर शनिवारी उघडायची. आम्ही बॅकअप घेऊन थांबायचं नाही, तो परत चालू होतो का हे करून पाहायचं. आपलं गोणपाट कोणतं ते ओळखा, त्याची तारीख कॅलेंडरवर लिहा, त्यासाठी माणूस नेमा.

आणि त्या माणसानं येऊन सांगितलं, “साठच उगवले,” तर त्याच्यावर ओरडू नका. ओरडलात, तर पुढच्या वर्षी तो न मोजताच ऐंशी सांगेल.